गालाला गाल: तीन प्लेटांची नोंदवही

९ नोव्हेंबर २०२४

आजपासून सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण मागच्या कामाच्या वेळी कुठली प्लेट (छपाईचा तांब्याचा पत्रा) फेरिकमध्ये, म्हणजे तांबं खाणाऱ्या द्रावणात, किती वेळ ठेवली ते लिहिलं नव्हतं आणि मग तो टोन परत काही जमला नाही.

तर काम काय आहे. मेरी कॅसॅट या चित्रकर्तीच्या दहा रंगीत प्रिंट्सचा एक सेट आहे, १८९०-९१ चा, पॅरिसमध्ये केलेला, ड्रायपॉइंट आणि ॲक्वाटिंट या तांब्याच्या प्लेटवरून छापायच्या पद्धतींनी. त्यातली ‘मॅटर्नल करेस’ मी गेली काही वर्षं फोनवर झूम करकरून बघत आलेय आणि परवा शेवटी इथे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या स्टडी रूममध्ये अपॉइंटमेंट घेऊन समोर बघितली. कागदावरची कामं उजेडाने खराब होतात म्हणून ती भिंतीवर क्वचित लागतात, पण विचारलं की काढून दाखवतात, हे शिकागोत इतकी वर्षं राहून मला माहीतच नव्हतं! मध्ये काच नाही, टेबलावर ठेवलेली, आणि मी अर्धा तास नुसती बघत बसले.

खुर्चीत बसलेली बाई, मांडीवर नागडं बाळ, त्याने तिच्या मानेला मिठी घातलीय, तोंडाला तोंड भिडलंय. बाईच्या झग्यावर नक्षी, खुर्चीच्या कापडावर दुसरी नक्षी, मागे भिंतीच्या कागदावर तिसरी. एवढ्या गजबजाटात बाळाच्या अंगावर मात्र जवळजवळ काहीच नाही, एक रेघ पाठीवरून खाली गेलीय आणि बाकी कागद. फोनवर मला वाटायचं तिथे काहीतरी फार नाजूक शेडिंग असणार. नाहीये. आपलं लक्ष बरोबर त्या न केलेल्या जागेवर जातं.

मला ही पद्धत हाताने करून बघायचीय. तिच्या चित्राची कॉपी नाही, चित्र माझं: माझी आई आणि माझा छोटा, अकरा महिन्यांचा. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलीय, एप्रिलमध्ये परत जाणार. म्हणजे तेवढाच वेळ आहे.

१६ नोव्हेंबर

स्केचेस. रोज सकाळी आई त्याला तेल लावते, अंघोळ घालते आणि मग टॉवेलात गुंडाळून खिडकीजवळच्या खुर्चीत घेऊन बसते, तेव्हा तो पाच-सात मिनिटं अगदी शांत असतो आणि तिच्या गालाला गाल लावून पडतो. तेवढ्यात जेवढं काढता येईल तेवढं काढते. आठवड्यात बावीस कागद झाले, त्यातले तीन कामाचे.

कॅसॅटच्या त्याच सेटमधली ‘द बाथ’ आईला दाखवली. त्यात बाईने एका हाताने बाळाला धरलंय आणि दुसरा हात टबातल्या पाण्यात घातलाय. आई लगेच म्हणाली, “पाणी बघतेय गं ती. पण हाताने काय कळतं, कोपराने बघायचं असतं.” मग थोडं थांबून म्हणाली, “पोराला धरलंय मात्र बरोबर.” मला हे फार महत्त्वाचं वाटलं. कॅसॅटला स्वतःचं मूल नव्हतं, लग्नही केलं नाही तिने, आणि हा सेट करत होती तेव्हा वयाच्या सेहेचाळिशीत होती, पॅरिसच्या रु द मारिन्यॉंवरच्या घरात म्हाताऱ्या आई-वडिलांना सांभाळत होती. तरी पन्नास वर्षं पोरंबाळं न्हाऊ घातलेली बाई चित्र बघून म्हणते की धरलंय बरोबर, म्हणजे तिने किती बघितलं असेल! लोक तिला आई-बाळाची गोड चित्रं काढणारी म्हणून बाजूला ठेवतात ते मला पटतच नाही. हात कुठे आहे, वजन कुठल्या मनगटावर आहे, बाळाचं पोट कुठे दबलंय, हे तिला जेवढं दिसतं तेवढं त्या काळच्या फार थोड्या लोकांना दिसत होतं.

१ डिसेंबर

पहिली प्लेट वाया गेली.

नऊ बाय बारा इंचाचा तांब्याचा पत्रा, कडा कानशीने तासून तिरक्या केल्या (नाहीतर प्रेसमध्ये कागद आणि ब्लँकेट दोन्ही फाटतात), ब्रासोने चकचकीत केला, आणि उत्साहाच्या भरात स्केच समोर ठेवून सुईने थेट वर काढलं. प्रिंट उलटी येते हे मला काय नवीन नाही, पण मनात होतं की खुर्ची उजवीकडे काय आणि डावीकडे काय, काय फरक पडतो. प्रूफ, म्हणजे चाचणीची प्रिंट, घरी आणलं. आईने बघितलं आणि विचारलं, “हा माझा पदर उजव्या खांद्यावर कसा? गुजराती बायकांसारखा?”

झालं. पदर तर आहेच, पण खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. ती त्याला नेहमी डाव्या अंगाला घेते, उजवा हात पाठ थोपटायला मोकळा राहतो. उलटं झालं की ते तिचं धरणं राहतच नाही, कुणी दुसरीच बाई होते. प्लेट बाजूला ठेवली, मागची बाजू वापरता येईल.

१५ डिसेंबर

नवीन प्लेट. स्केच ट्रेसिंगवर घेऊन उलटं केलं आणि मगच तांब्यावर उतरवलं. आता पदर बरोबर येणार.

ड्रायपॉइंटबद्दल थोडं लिहिते, कारण ज्यांनी केलं नाही त्यांना वाटतं हे पेन्सिलसारखंच असणार. यात ॲसिड नाही, मेण नाही, टोकदार सुई घेऊन सरळ तांबं ओरबाडायचं. सुई जाते तिथे चर पडते आणि चरीच्या काठावर तांब्याची बारीक खरखरीत कड वर येते, तिला बर म्हणतात. शाई चरीत बसते तशी त्या बरमध्येही अडकते आणि म्हणून ड्रायपॉइंटची रेघ छापल्यावर मखमलीसारखी मऊ दिसते. पण ती बर प्रेसच्या दाबाने हळूहळू चेपत जाते. एका प्लेटमधून चांगल्या प्रिंट्स फार निघत नाहीत. कॅसॅटने दहाही चित्रांची आवृत्ती पंचवीस-पंचवीसचीच ठेवली होती.

आणि जोर लागतो. बाळाच्या पाठीची रेघ ही चित्रातली सगळ्यात हळुवार जागा, ती काढताना माझा खांदा दुखत होता, दात आवळलेले होते. मानेपासून ढुंगणापर्यंत एकच रेघ, मध्ये थांबलं तर थांबल्याची गाठ छापली जाते. वाया गेलेल्या पत्र्याच्या मागच्या बाजूवर तीच रेघ चाळीसेक वेळा काढली आणि मग खऱ्या प्लेटवर एकदा. आली. थोडी खांद्यापाशी जाड झालीय पण तिथे आईचा हात दाबतोच आहे, तेव्हा असू दे.

५ जानेवारी २०२५

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लेटवर बाह्यरेषा उतरवली. कॅसॅटने नंतर एका पत्रात स्वतःची पद्धत सांगितलीय ती अशी की आधी ड्रायपॉइंटमध्ये बाह्यरेषा, मग ती आणखी दोन प्लेटांवर घ्यायची, एकूण तीन, त्याहून जास्त कधीच नाही, आणि जिथे जिथे रंग हवा तिथे ॲक्वाटिंट. मी पहिल्या प्लेटची प्रिंट मायलरवर (पातळ प्लास्टिकच्या कागदावर) काढली आणि शाई ओली असतानाच ती नव्या प्लेटवर ठेवून प्रेसमधून फिरवली. दोन्ही प्लेटा एका वेळेत झाल्या. बाहेर उणे बारा, छपाईच्या शॉपमध्ये मी एकटीच.

१९ जानेवारी

ॲक्वाटिंट. राळेची बारीक पूड डब्यात उडवायची, ती प्लेटवर धुळीसारखी बसली की खालून गरम करायचं, कण वितळून पारदर्शक झाले की थांबायचं. मास्क लावून, राळ फुप्फुसात गेलेली चांगली नाही. मग फेरिक त्या कणांच्या मधलं मधलं तांबं खातं आणि छापल्यावर सलग रंगाचा पट्टा मिळतो, बारीक दाण्याचा. जिथे रंग नको तिथे आधी वॉर्निश.

वॉर्निशचं काम घरी जेवणाच्या टेबलावर केलं कारण छोटा झोपला होता. बाळाचं सगळं अंग ब्रशने झाकून घ्यायचं होतं, कडेची एक रेघही उघडी राहता कामा नये, बोटांच्या बेचक्यांत, कानामागे, मांडीच्या वळीत. आई समोर बसून भाजी निवडत होती. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “तेल लावल्यासारखं लावतेयस.” मी काही बोलले नाही, पण त्यानंतर हात आपोआप आणखी सावकाश झाला.

म्हणजे त्या दिवशी स्टडी रूममध्ये जी कोरी जागा बघितली ती आपोआप उरलेली नव्हती. सगळीकडे ॲसिड फिरणार आहे आणि एवढी एक जागा वाचवायचीय, म्हणून कुणीतरी बसून ती इंच इंच झाकलेली असणार. मला तेव्हा नुसती रिकामी वाटली होती.

वेळा: साडी (प्लेट २) चार मिनिटं, खुर्ची दीड मिनिट, भिंत (प्लेट ३) पन्नास सेकंद. फेरिक थंड होतं, उन्हाळ्यात कमी लागेल.

२ फेब्रुवारी

पहिलं तीन-प्लेटी प्रूफ. वाईट आलं. साडी इतकी काळपट की आईचा हात त्यात बुडाला, आणि भिंतीचा टोन डागाडागाचा, बहुतेक प्लेटवर कुठेतरी बोटाचं तेल राहिलं होतं.

रडूच आलं खरं सांगायचं तर. मग शॉपमधल्या बाई, ज्या इथे पंचवीस-तीस वर्षं छापतायत, त्यांनी स्क्रेपर आणि बर्निशर हातात दिलं आणि म्हणाल्या घासत बस. तांब्याचं हे बरं आहे, खरवडून, घोटून टोन परत उजळ करता येतो. आज तीन तास नुसती साडी घोटली.

‘द बाथ’ हे त्या सेटमधलं तिचं पहिलं, आणि त्याच्या सतरा स्टेट्स आहेत, म्हणजे सतरा वेळा प्लेटमध्ये बदल करून करून तिने परत छापून बघितलं. ते आकडे पुस्तकात वाचताना मी पुढे गेले होते. आज माझी चौथी स्टेट आहे आणि मला सतरा म्हणजे काय ते कळायला लागलंय.

१६ फेब्रुवारी

स्टेट सहा. हात वर आला.

आज कामापेक्षा वाचन जास्त. १८९० च्या वसंतात पॅरिसला एकोल दे बोझार या कलाशाळेत जपानी प्रिंट्सचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. कॅसॅट ते बघून इतकी भारावली की तिने चित्रकार बर्थ मोरिसोला पत्र लिहून कळवलं, चुकवू नकोस म्हणून. दोघी इम्प्रेशनिस्ट, मोरिसोला मुलगी होती, ज्युली, आणि मोरिसोही त्याच सुमारास थोडी ड्रायपॉइंट्स करत होती, त्यातल्या एकीत ती स्वतः चित्र काढतेय आणि पोरगी शेजारून वाकून बघतेय. त्या पोरीची मान बघितली की मला आमच्या छोट्याची मान आठवते, कुठेही काही चाललं की आधी मान पुढे.

कॅसॅटने उतामारो वगैरे जपानी चित्रकारांच्या चित्रांत बघितलेली ती सपाट रंगाची, कमी रेषांची आई आपल्या पॅरिसच्या घरात आणली. पण जपानी लोक लाकडाचे ठोकळे वापरायचे, प्रत्येक रंगाला वेगळा, पाण्यातले रंग. हिने लाकूड घेतलंच नाही, आपल्याला येतं ते तांबं घेतलं आणि तेलाची शाई. इचिंग (ॲसिडने तांब्यावर रेघ उठवायची पद्धत) तिने १८७९-८० च्या सुमारास देगा आणि पिसारो या चित्रकारांबरोबर मनापासून केलं होतं, तिघं मिळून प्रिंट्सचं एक मासिक काढणार होते, ते कधी निघालंच नाही. दहा वर्षांनी ते शिकलेलं असं उपयोगी पडलं. पिसारोने तिचे रंगीत प्रूफ बघून मुलाला लिहिलं होतं की जपानी कामाइतकंच सुंदर झालंय आणि तेही साध्या छापखान्याच्या शाईत. त्याला स्वतःला असा परिणाम साधायचा होता, हे लक्षात घेतलं तर ते कौतुक केवढं मोठं आहे.

आणि त्याच वेळी काय झालं, तर फ्रान्समधल्या चित्रकार-मुद्रकांच्या संस्थेने ठरवलं की सदस्य फ्रेंच जन्माचेच हवेत. कॅसॅट जन्माने अमेरिकन, पेनसिल्व्हेनियाची, पिसारो कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावरचा. दोघं बाहेर. मग एप्रिल १८९१ मध्ये ड्युराँ-रुएलच्या गॅलरीत त्या संस्थेचं प्रदर्शन चालू असताना या दोघांनी शेजारच्या खोल्यांत आपापलं प्रदर्शन लावलं. हे दहाच्या दहा तिथे पहिल्यांदा लोकांनी बघितले. परक्या देशात दुसऱ्याच्या शॉपमध्ये काम करणाऱ्या माणसाला हा प्रसंग वाचून जे वाटतं ते मला वाटलं.

२२ मार्च

रंगांच्या चाचण्या. कॅसॅट एकाच प्लेटवर वेगवेगळ्या जागी वेगवेगळी शाई हाताने लावायची, म्हणजे प्रत्येक प्रिंट काढताना प्लेट नव्याने रंगवायची, म्हणून तिच्या एका चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर रंग वेगळे दिसतात. फ्रेंच लोक याला ‘आ ला पुपे’ म्हणतात, पुपे म्हणजे बाहुली, कापडाची पुरचुंडी करून तिने शाई लावतात म्हणून. आईला सांगितलं तर तिने तिच्या जुन्या सुती साडीच्या चिंध्या काढून चार छान घट्ट पुरचुंड्या बांधून दिल्या, प्रत्येक रंगाला एक. शॉपमधल्या टार्लटनच्या (शाई पुसायच्या जाळीदार कापडाच्या) तुकड्यांपेक्षा या जास्त चांगल्या चालतात, खरंच, शाई कडेला पसरत नाही.

साडीला हिरवा नको, मातकट निळा. खुर्ची विटकरी. भिंत अगदी फिकी पिवळी, ताकासारखी.

दुपारी आईला आर्ट इन्स्टिट्यूटला नेलं. विवेकानंदांचं १८९३ चं भाषण याच इमारतीत झालं म्हणून तिला ती जागा बघायचीच होती, तिथे हात जोडून उभी राहिली थोडा वेळ. मग वर कॅसॅटचं ‘द चाइल्ड्स बाथ’ हे तैलचित्र बघितलं, तेही १८९३ चं. त्याच साली इथल्या जागतिक प्रदर्शनासाठी कॅसॅटने बायकांच्या दालनाकरता ‘मॉडर्न वुमन’ नावाचं भलंमोठं भित्तिचित्र केलं होतं, प्रदर्शन संपल्यावर ते हरवलं, आज फक्त फोटो आहेत. एवढं मोठं हरवलं आणि कागदावरचे हे हातभर तुकडे टिकले.

तैलचित्रासमोर आई बराच वेळ उभी होती. “पाय धुतेय पोरीचे,” म्हणाली. मग म्हणाली, “दोघी खाली पाण्याकडे बघतायत, एकमेकींकडे नाही. असंच असतं.”

५ एप्रिल

छपाई.

कागद आदल्या रात्री भिजवून प्लास्टिकमध्ये. सकाळी आठला सुरुवात. शॉपमधल्या बाई प्रेसवर, मी शाईवर. प्लेट गरम करायची, पुरचुंडीने शाई, टार्लटनने पुसायची, शेवटी तळहाताने, बाळाचं अंग पूर्ण साफ होईपर्यंत. प्लेट ३ आधी, कागदाचं शेपूट रोलरखाली दाबलेलं ठेवून प्लेट बदलायची, मग २, मग १. जरा सरकलं की गालाची रेघ आणि रंग यांच्यात फट पडते, आणि या चित्रात गालापाशी फट म्हणजे सगळंच गेलं.

कॅसॅटने लिहून ठेवलंय की ती आणि तिचे छपाईवाले मिस्यू लेरॉय दिवसाचे आठ तास जीव तोडून काम करायचे तेव्हा आठ-दहा प्रिंट्स निघायच्या. दहा चित्रं गुणिले पंचवीस म्हणजे अडीचशे, म्हणजे चुका आणि प्रूफ सोडून सरळ महिनाभराचं काम. आम्ही दोघी आठ तासांत सात. त्यातली दोन सरकलेली. पाच चांगल्या.

तिसरी सगळ्यात छान आलीय. पाठीची रेघ मऊ आहे, बर भरपूर आहे अजून, आणि आईचा उजवा हात त्या कोऱ्या पाठीवर टेकलाय तिथे तांब्याच्या दाबाने कागद किंचित वर उठलाय, बोट फिरवलं तर लागतं. हे मी केलं नव्हतं, हे प्रेसने केलं.

कॅसॅटने प्रिंट्सवर पेन्सिलीने लिहिलं होतं की चित्रकाराने आणि मिस्यू लेरॉय यांनी छापलं. त्या काळात छापणाऱ्याचं नाव चित्रकार स्वतःच्या सहीबरोबर हाताने लिहितोय हे मला फार आवडतं. मी पण पाचही प्रतींवर खाली बाईंचं नाव लिहिलं. त्या नको नको म्हणत होत्या. मग त्यांच्या मागच्या टेबलावर सुकत ठेवलेल्या पुरचुंड्या बघून आईचंही लिहिलं, मराठीत.

१९ एप्रिल

आई पोचली. दोन नंबरची प्रत बरोबर दिली होती, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, वरखाली साड्या, गुंडाळायची नाही असं बजावून, कारण गुंडाळलं की प्लेटचा उठाव बसतो. फोनवर म्हणाली व्यवस्थित आहे, कोपराही दुमडला नाही, फ्रेमवाल्याकडे न्यायचीय पण तोवर देवघराशेजारच्या कपाटावर उभी ठेवलीय. मी विचारलं तिथे ऊन येतं का. म्हणाली दुपारी येतं थोडं, हलवते आत्ताच. फोन चालूच ठेवून हलवली, मला खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

प्लेट १ साफ करून तेलाचा हात देऊन टिश्यूत गुंडाळली. बर अजून दहा-बारा प्रतींपुरती आहे. पुरचुंड्या डब्यात, विटकरीची सुटायला आलीय, ती परत बांधायला हवी.